पहिलीचा दाखला हाच खरा कौल

१ जून उजाडला की आपल्या किनाऱ्यावरची गजबज थांबते. ट्रॉलर जेटीला लागतात, जाळी आडोशाला जातात आणि ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होडी दर्यात घालायची नाही असा नियम आहे. त्याच सुमारास शेतकरी बांध नीट करतो, बियाणे काढून ठेवतो आणि मृगाची वाट पाहतो. त्याच दिवसांत शाळेची घंटा वाजते. घाटावर बेळगाव भागात तर ती आपल्याही आधी, मे महिन्याच्या अखेरीलाच वाजते. शेताची आणि दर्याची कामे आपल्याला कोणी आठवण करून द्यावी लागत नाहीत. पण घरातले सहा वर्षांचे पोर कोणत्या शाळेत घालायचे, हे काम आपण शेवटच्या दिवसावर टाकतो आणि शेजारच्याने जे केले तेच करून मोकळे होतो. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

कोणी म्हणेल, हे पत्र विलीनीकरणाचे. यात पहिलीच्या दाखल्याची गोष्ट कशाला? म्हणूनच ती येथे सांगायची आहे.

आपल्याला निदान कौल विचारला गेला. १६ जानेवारी १९६७ रोजी फूल आणि दोन पाने यांतल्या एकाची निवड करण्यासाठी आपले आईबाप रांगेत उभे राहिले. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. ती सल अजून जात नाही. पण आपण हरलो ते मते मोजून हरलो. बेळगावच्या मराठी माणसाला तेवढेही मिळाले नाही. १९५६ च्या जानेवारीत या प्रश्नावर बेळगावात आणि निपाणीत माणसे हुतात्मा झाली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घालण्यात आला. १९६६ साली महाजन आयोग बसला. १९६७ साली त्याने बेळगाव शहर आहे तेथेच राहू द्यावे असा अहवाल दिला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. महाराष्ट्राची मागणी ८६५ गावांची आहे. दोन दशके उलटून गेली, निकाल हाती नाही. एवढ्या वर्षांत बेळगावकराला 'तुला कोठे राहायचे आहे?' असे मतपेटी ठेवून कोणी विचारले नाही.

पण एक कौल तो दर वर्षी देतो, आणि तो देताना त्याच्या हाताला कोणी धरत नाही. तो कौल शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंदला जातो. तेथे मराठी शाळेत एक नाव चढले की मराठीला एक मत पडले. नाव चढले नाही की तेही मत पडले, पण दुसरीकडे.

गेल्या उन्हाळ्यात पंपाचा शाफ्ट झिजला म्हणून मी बेळगावला गेलो होतो. आपल्याकडच्या कित्येकांना उद्यमबाग ठाऊक आहे. बेळगावहून खानापूरकडे, म्हणजे अनमोड घाट उतरून आपल्याकडे येणाऱ्या रस्त्याला लागून ती औद्योगिक वसाहत आहे. लहानमोठ्या फौंड्र्या, लेथची शेडे, हायड्रॉलिकचे कारखाने. पहाटे आपल्या बाजारात येणारी भाजी ज्या गावांतून निघते, त्याच मुलखातल्या शेतकऱ्यांची पोरे येथे कामाला आहेत. अनगोळ, मजगाव, पिरनवाडी, मच्छे ही गावे तर अगदी लागून. बाप भात पिकवतो, पोरगा कास्टिंगला आकार देतो.

शेडमध्ये लेथवर एक पस्तिशीतला टर्नर होता. शाफ्टचे माप घेता घेता बोलणे निघाले. मी विचारले, "पोरगा कितवीला?"

"यंदा पहिलीला घालायचा आहे, काका."

"कुठल्या शाळेत?"

त्याने मशीन थांबवले. "इंग्लिश मिडियमला म्हणतोय."

"आणि १ नोव्हेंबरच्या सायकल फेरीला जाता की नाही?"

"जातोय की! काळी पट्टी लावून जातोय, एक वर्ष चुकलेलं नाही."

"मग?"

"काका, मला एक सांगा. ड्रॉइंग येतंय ते इंग्लिशमधून. ऑफिसला गेलं की कागद कानडीतून. मराठीतून काय येतंय सांगा बघू? मी शिकलो मराठी शाळेत. पोरानं पण आयुष्यभर हेच कास्टिंग उचलायचं काय?"

मला उत्तर देता आले नाही. घाट उतरेपर्यंत तो प्रश्न डोक्यात होता. तो माणूस भाषेचा द्रोही नव्हे. लाठीला न भिणाऱ्यांतला तो आहे. त्याचा प्रश्न पोटाचा आहे, आणि पोटाच्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. आपल्या गावातला पागी आणि कुळवाडीही हेच विचारतो. तेव्हा मी घरी आल्यावर माहिती काढली. ती त्याला सांगितली, तीच आज येथे मांडतो.

पहिली गोष्ट. पोराला इंग्रजी माध्यमात घातले म्हणजे कानडीची सक्ती टळली, असा समज कोणी करून घेतला असेल तर तो खोटा आहे. कर्नाटकाने २०१५ साली कायदा करून सर्व शाळांत कानडी ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक केले आणि २०१७-१८ पासून ते पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू केले. म्हणजे इंग्रजी शाळेत इंग्रजी राहिली, कानडी राहिली. गळाली ती मराठी. उलट त्या राज्यातल्या सरकारी मराठी शाळेत मराठी आहे, कानडी आहे आणि इंग्रजीही पहिलीपासूनच आहे. कानडीशी आमचे वैर नाही. बाजारात, कचेरीत, कारखान्यात तिचा उपयोग आहे आणि शेजाऱ्याची भाषा येणे चांगलेच. पण तीन भाषा शिकायच्या असतील तर त्या घरच्या भाषेवर उभ्या राहतात. पाया न घालता माडी चढवता येत नाही.

दुसरी गोष्ट. शिकवलेले समजले नाही की पोर पाठ करते. घरी आईला ते पुस्तक वाचता येत नाही, बाप पाळी करून दमून येतो. मग शिकवणी लावावी लागते. शाळेची फी, शिकवणीची फी, गाडीचे भाडे. एवढे करूनही पोर 'हे असे का?' म्हणून विचारायला कचरते, कारण विचारायची भाषाच त्याच्याजवळ नसते. ड्रॉइंग इंग्रजीत असते हे खरे, पण ड्रॉइंग समजायला भूमिती लागते, आणि भूमिती समजायला आधी गणित कळावे लागते. ते ज्या भाषेत कळेल त्या भाषेत शिकावे. नंतर इंग्रजी शब्द लावणे अवघड नाही. त्या टर्नरनेच ते केलेले आहे. मराठी शाळेत शिकून तो इंग्रजी ड्रॉइंगवरून सुताएवढाही फरक न पडता माप काढतो. त्याची प्रगती अडली असेल तर ती मराठीने अडवली की लवकर कामाला लागावे लागल्याने अडली, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

तिसरी गोष्ट. कोणते माध्यम घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क आज पालकाचा आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले, की प्राथमिक शिक्षणात मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, निवड मुलाच्या वतीने आईबापांनी करायची. या निकालाने आपल्या हातून एक सबब काढून घेतली आहे. १९८६ च्या जूनमध्ये कानडीसक्तीविरुद्धच्या आंदोलनात सीमाभागातली माणसे गोळीबारात पडली. १ जूनला हिंडलग्याला त्यांना अभिवादन होते. त्यांच्यासमोर सक्ती उभी होती. आपल्यासमोर आज निवड आहे. मराठी शाळा ओस पडली तर दोष एकट्या सरकारवर टाकता येणार नाही.

शाळा बंद पडते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. एके दिवशी हुकूम निघतो आणि कुलूप लागते असे क्वचितच घडते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, ६१ झाली की तीन, ९१ झाली की चार. आता पाच वर्गांना दोनच मास्तर म्हटल्यावर एक वर्ग शिकत असतो आणि बाकीचे पाटीवर रेघोट्या ओढत बसतात. हे पाहून शहाणा बाप आपले पोर काढतो. मुले कमी झाली म्हणून पुढची जागा भरली जात नाही. जागा रिकामी म्हणून आणखी दोन बाप पोरे काढतात. होडीला पडलेले बारीक भोक कोणी बुजवत नाही आणि शेवटी दोष दर्याला देतात, तशातला हा प्रकार. कुलूप लागते तेव्हा सरकार पटाकडे बोट दाखवते, आणि पट खोटे बोलत नाही.

हे केवळ बेळगावचे नाही. पोर्तुगीज अमदानीत आपल्या वाडवडिलांनी देवळाच्या मंडपात, कोणाच्या पडवीत पंतोजी बसवून पोरांना मराठी शिकवले. सरकार परके होते, अनुदान नव्हते. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राज्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि कुळाचे, पाग्याचे पोर पहिल्यांदा बाकावर बसले. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या शिक्षणाला देण्याचे धोरण ठरले. २०११ साली इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपण रस्त्यावर आलो, आणि ते योग्यच होते. पण आज आपल्याकडेही मराठी सरकारी शाळा पटाअभावी बंद होत आहेत. मंडपात पोरांना शिकवणाऱ्यांची आपण नातवंडे, आणि फुकट पुस्तके, फुकट जेवण देणारी गावची शाळा ओलांडून आपण पोराला दूरच्या गाडीत बसवतो.

येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. मराठीच्या नावाने मते मागणाऱ्या, व्यासपीठावर कंठ फुटेस्तोवर बोलणाऱ्या पुढाऱ्यांची मुले-नातवंडे कोठे शिकतात, हे गाव पाहत असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पुढाऱ्याचा नातू इंग्रजी शाळेत आणि मराठी टिकवण्याचा भार मात्र टर्नरच्या आणि पाग्याच्या पोरावर, हा न्याय आम्हाला मान्य नाही. घाटाखाली काय किंवा घाटावर काय, यापुढे सभेत कोणी मराठीवर बोलायला उभा राहिला तर त्याला आधी एवढेच विचारावे, "साहेब, घरातले पोर कुठल्या शाळेत?"

आता कामाच्या गोष्टी. आपल्यापैकी पुष्कळांच्या सोयरिकी खानापूर-बेळगाव भागात आहेत. तिकडून मजुरीसाठी उतरलेली कुटुंबे आपल्या वाड्यावर राहतात. म्हणून या आठवणी दोन्हीकडच्या घरांसाठी आहेत.

एक. दाखल्याच्या अर्जात 'मातृभाषा' असा रकाना असला तर तेथे 'मराठी' लिहा. तो दुसऱ्याला भरू देऊ नका. मुलाचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख तेथेच उभे राहून तपासा. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना नावे बिघडतात आणि दहावीच्या वेळी ती दुरुस्त करायला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

दोन. जन्माचा दाखला बरोबर न्या. वय कोणत्या तारखेला मोजतात ते शाळेत आधी विचारून ठेवा. पण वयाचा पुरावा नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेने प्रवेश नाकारायचा नाही असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. आधारकार्ड नाही म्हणूनही अडवता येत नाही. तसे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

तीन. कामासाठी गाव सोडले असेल तर मुलाचा जुन्या शाळेतला दाखला मागून घ्या. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नाही म्हणून पोराला वर्षभर कामाच्या जागी हिंडवू नका.

चार. भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक जुने आश्वासन आहे, ते पाठ करून ठेवा. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे १९४९ साली शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले आणि १९५६ साली केंद्राने ते अल्पसंख्याकांच्या संरक्षणांत घातले. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम आले. त्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. मराठी शिक्षक नसेल तर तोंडी कुरकुर करू नका. मुलांची नावे घालून अर्ज लिहा, सह्या घ्या, नकलेवर पोच घ्या. ती नक्कल जपून ठेवा.

पाच. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. कर्नाटकात या समितीला एसडीएमसी म्हणतात. तिच्या बैठकीला जा. ट्रॉलर किनाऱ्याला लागलेल्या असताना 'वेळ नाही' हे खारव्याला म्हणता येणार नाही. शेतकऱ्याने पेरणीआधी एक सकाळ काढावी. कौले फुटली आहेत का, पाण्याची टाकी धुतली आहे का, मुलींसाठी वेगळी मुतारी आहे का, दुपारचे जेवण ताजे मिळते का, हे पहिला पाऊस पडण्याआधी डोळ्यांनी पाहा.

सहा. आई मासळी विकायला किंवा लावणीला गेली म्हणून धाकट्याला सांभाळायला थोरल्या मुलीला घरी ठेवू नका. एक दिवस म्हणता म्हणता ती पाचवीत गळते. पटावरचे नाव आणि बाकावरचे पोर, दोन्ही हवीत.

सात. मराठी शाळेत घातले की आपले काम संपले असे नाही. रात्री जेवणाआधी अर्धा तास पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. आजीला अक्षर येत नसले तरी चालेल, तिने ऐकावे. पोर अडखळले तर ते तिला कळते.

शाफ्ट न्यायला मी पंधरा दिवसांनी पुन्हा उद्यमबागेत गेलो. आणलेली माहिती त्या टर्नरला सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले, पण लगेच हो म्हटले नाही. ते मला बरे वाटले. शब्द सांभाळणारी माणसे लवकर हो म्हणत नाहीत.

तो म्हणाला, "मी गावच्या शाळेत जाऊन बघून आलोय, काका. दोघंच मास्तर आहेत, एका वर्गात पाणी गळतंय. पण शिकवतात मनापासून. पोरगं माझं तिथं फळ्यावरचं सगळं वाचत सुटलं." मग हात पुसत त्याने विचारले, "वर्गाला दहा पाहिजेत म्हणालात न्हवं? आमच्या गल्लीत पहिलीची सात आहेत. सहाजणांचे आईबाप माझ्यासारखेच, दुसरा काय करतोय बघून ठरवणार आहेत. मी घातलं तर ते घालतील काय?"

मी म्हटले, "ते तुमच्याकडेच बघत असतील."

शाफ्ट चांगला बसला आहे, पंप चालतो आहे. त्या सातांचे काय झाले ते मला अजून कळलेले नाही. पण हिशेब साधा आहे. सात त्याच्या गल्लीत आहेत, दहा व्हायला तीन हवीत. त्या गावात ती तीन मिळतील. आपल्या वाड्यावरची तीन कोणती, हे आपण आज रात्री जेवायला बसल्यावर मोजावे, आणि उद्या सकाळी त्यांच्या दारात जावे. १९६७ चा कौल फिरवता येत नाही. हा मात्र दर वर्षी नव्याने देता येतो.